कोरडी बाटली

बाटली कोरडीच राहिली. तपासणीच्या गाडीतल्या त्या कपाटाएवढ्या संडासात मी उभा होतो, एका हातात पांढऱ्या झाकणाची प्लॅस्टिकची बाटली, दुसरा हात भिंतीला टेकलेला, आणि एक थेंब येईना. ज्या नळाने गेलं वर्षभर माझ्या झोपेचं खोबरं केलं, डोळा लागला रे लागला की जो मला उठवतो, थंड फरशीवरून चालवत नेतो, तिथे ताटकळत ठेवतो आणि चमचाभर काम करून परत पाठवतो, त्याने नेमका आज संप पुकारला होता. फुकटची तपासणी दाराशी चालून आली होती, आठवडाभर मनाची तयारी करून मी एकदाचा पायऱ्या चढलो होतो, आणि आता हे. भिंतीवर एक जोरदार थाप मारावी असं वाटलं. पण भिंत पुठ्ठ्याची असावी इतकी पातळ होती आणि तिच्या पलीकडे रुडॉल्फ बसला होता.

"काय रे गिटन्स, आत धरण बांधतोयस की काय?" त्याने विचारलं. कुणीतरी हसलं. रुडॉल्फ बोव्हेल आमच्या बस डेपोत फिटर आहे, माझ्या थोरल्या भावाचा लहानपणापासूनचा दोस्त. सकाळी गाडी आवारात येऊन उभी राहिली तेव्हा पहिला नंबर त्यानेच लावला, रक्त देऊन मोकळा झाला, आणि दंडावरची चिकटपट्टी मिरवत तिथल्याच बाकावर चहा पीत बसला. कामावर परत जायचं नाव नाही. त्याला तमाशा बघायचा होता. त्यांनी गाडीही उभी केली होती ती कुठे, तर कँटीनच्या खिडक्यांसमोर, बस धुवायच्या रांगेच्या अगदी तोंडाशी. बाजूला निळ्या अक्षरांत लांबूनही वाचता येईल असं लिहिलेलं, पुरुषांसाठी प्रोस्टेट कॅन्सरची मोफत तपासणी. आत शिरणारा प्रत्येक जण टोस्ट खाणाऱ्या निम्म्या डेपोला दिसत होता. एखाद्याला चोरून यायचं असेल तर त्याने काय करावं, याचा विचार त्या लोकांनी केला नव्हता, किंवा मुद्दामच केला नव्हता.

चूक माझीच होती आणि ती बसच्या ड्रायव्हरशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. आम्ही लोक पाणी पीत नाही. ड्युटीच्या दिवशी सकाळचा चहासुद्धा मी अर्धाच घेतो, कारण व्हिटलीपासून थेट ऑक्सफर्ड रोडच्या टोकापर्यंत मध्ये कुठे उतरायची सोय नाही, आणि भरलेली बस रस्त्यात सोडून झाडामागे जाणारा ड्रायव्हर मी अजून पाहिलेला नाही. आणि कुठल्याही गाडीत पाय ठेवायच्या आधी आम्ही मोकळे होऊन घेतो. लागलेली असो नसो. कुणी शिकवत नाही, अंगवळणी पडतं. तीस वर्षांत माझ्या शरीराने बसचं वेळापत्रक पाठ केलं आहे. आज सकाळी त्या गाडीकडे जायला निघालो आणि पाय आपोआप कँटीनच्या संडासाकडे वळले. चढायचं आहे ना, मग आधी मोकळा हो. ही गाडी चालवायची नाही, तिच्यात आपल्यालाच तपासणार आहेत, हे डोक्याला ठाऊक होतं, पण बाकीच्या अंगाला कुणी कळवलं नव्हतं. मी उभा राहिलो, मोकळा झालो, हात धुतले, आणि अगदी शहाण्यासारखा कोरडा ठणठणीत होऊन तपासणीला हजर झालो.

बाटली तशीच घेऊन बाहेर आलो. नर्सने ती हातात घेतली, उजेडात धरली आणि हसू दाबलं. अबेना तिचं नाव, मूळची घानाची असावी, कारण पहिल्या वाक्यापासून ती मला काका म्हणत होती. कुणीही वडीलधारा दिसला की त्यांच्यात काका. मला ते आवडलं नाही. पंचावन्नाव्या वर्षी अनोळखी मुलीचा काका होणं आणि त्याच मुलीने आपल्या लघवीची चौकशी करणं, या दोन गोष्टी एकत्र पचायला जड जातात. पण मुलगी गुणी होती. तिने आधीच सगळं नीट सांगितलं होतं. कपडे काढायचे नाहीत. बोटाने तपासणी नाही. आठवडाभर कँटीनमध्ये या बोटावरून जे काय चाललं होतं ते तिच्याही कानावर गेलं असावं, कारण हे वाक्य तिने जरा मोठ्यानेच म्हटलं. आधी चार प्रश्न, मग लघवी, मग दंडातून थोडं रक्त, बस्स. रक्तातला एक आकडा बघायचा, त्याला पीएसए म्हणतात, आणि तो पत्राने कळवायचा. लघवी आधी का, तर आत कुठे जंतू असतील तर आकडा उगाच फुगतो आणि माणूस विनाकारण हादरतो. गेल्या दोन दिवसांत सायकल दामटली का? नाही. गेल्या दोन दिवसांत बायकोशी, म्हणजे तसं काही? पडद्यापलीकडे रुडॉल्फच्या कपाचा आवाज थांबला. नाही, म्हणालो. रात्री किती वेळा उठता? एखाद्या वेळी, म्हणालो. आणि घरात कुणाला होतं का, वडील, भाऊ? असेल तर सांगा हं काका, आपल्या काळ्या लोकांत हे आधीच दुप्पट, त्यात घरात असेल तर आकडा थोडा कमी आला तरी आम्ही थांबत नाही, लगेच पुढे पाठवतो.

"नाही. कुणालाच नाही," मी म्हणालो.

हे मी विचार करून म्हणालो नाही. गरम तव्यावरून हात मागे यावा तसं ते आलं. आमच्या घरात असल्या गोष्टींना तोंडच नव्हतं. वडील बार्बाडोसहून इथे इंग्लंडात, रेडिंगला आले ते बसवर कंडक्टर म्हणून, तेव्हा घर भाड्याने देताना लोक तोंडावर दार लावत, आणि त्या दिवसांत त्यांनी आणि आईने एक नियम करून टाकला की घरातलं काही म्हणजे काही चव्हाट्यावर मांडायचं नाही. पगार नाही, भांडण नाही, दुखणं तर मुळीच नाही. गोऱ्यांना आपल्यावर बोट दाखवायला जागा ठेवायची नाही आणि आपल्यांना चघळायला विषय द्यायचा नाही. मी शाळेत असताना वडिलांची पाठ धरली. पाठच, असं सांगितलं गेलं. बसच्या पायऱ्या चढूनउतरून पाठ गेली. मागच्या खोलीत ते पडून असायचे, दार अर्धं लोटलेलं, आणि आई चादरी धुवायची. रोज चादरी. त्या तिने कधी बागेत वाळत घातल्या नाहीत. शेजारच्या बाईंनी बघितलं असतं, रोज एवढ्या चादरी कशा. मग स्वयंपाकघरात दोऱ्या बांधून तिथे. आम्ही त्या ओल्या चादरींच्या खालून वाकून टेबलापाशी यायचो, आणि शनिवारच्या सूसला, म्हणजे लिंबात मुरवलेल्या डुकराच्या मांसाला, मॅकरोनी पायला, सगळ्याला त्या ओल्या कापडाचा आणि डेटॉलचा वास. मी एकदा विचारलं, पाठ दुखते तर चादरी का धुवायच्या. आईने माझ्याकडे असं बघितलं की त्यानंतर मी आजतागायत कुणाला काही विचारलेलं नाही. वडील गेले तेव्हा चर्चमध्ये सांगितलं, पाठीने गेले. जणू पाठीने माणूस जातो.

आणि सेमूर. माझा थोरला भाऊ. त्याचा तर मला अजूनही राग येतो, मेलेल्या माणसाचा येऊ नये इतका येतो. सुतारकाम करायचा, हात असे की लाकडाला सांधा कुठे आहे ते सापडू नये, आणि डोमिनोजचा डाव लागला की सोंगटी टेबलावर अशी आपटायचा की आम्ही खेळायचो त्या हॉलच्या खिडक्या हादरत. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात त्याने मला केनेट नदीच्या काठावर बोलावलं. बाकावर बसला, तोही सावरून, एका बाजूला झुकून. म्हणाला, पाठीचं नाही, खालचं आहे, हाडांत गेलंय, आपल्या म्हाताऱ्याचंही तेच होतं, आईने मला मरताना सांगितलं. मी म्हटलं, आईने तुला सांगितलं आणि तू मला आत्ता सांगतोस. तो म्हणाला, तू जाऊन दाखवून घे. आणि हे बघ क्लाईड, कुणाला बोलू नकोस. तुझ्या बायकोला, मार्वालाही नाही, रुडॉल्फला नाही. लोकांनी मला तिथून कापलेला बैल समजलेलं मला चालणार नाही. हे तो हसत म्हणाला. उन्हाळ्याआधी गेला. त्याच्या बायकोने, कोरलीने, सगळ्यांना सांगितलं हार्ट. रुडॉल्फने शवपेटीचा पुढचा कोपरा धरला होता, मी दुसरा, आणि चालताना तो माझ्या कानाशी म्हणाला, चांगलं झालं रे, झटक्यात गेला, हाल नाही झाले. मी मान हलवली. पेटी वजनाला अगदीच हलकी होती. त्याच्या ते लक्षात कसं आलं नाही याचं मला तेव्हा नवल वाटलं.

त्यानंतर माझं रात्रीचं उठणं सुरू झालं. की ते आधीपासूनच होतं आणि मी लक्ष दिलं नव्हतं, कोण जाणे. मार्वा म्हणते, अहो, तुमचा नळ गळतोय, दाखवा कुणाला तरी. ती हे चेष्टेत म्हणते आणि मी चेष्टेत सांगतो की ड्रायव्हरचं ब्लॅडर आहे, सगळ्यांना होतं. ते खरंही आहे. आमच्यातल्या निम्म्या लोकांना होतं. म्हणूनच तर ते सांगायला इतकं सोयीचं पडतं. दवाखान्यात जायचं तर सकाळी फोन लावून रांगेत थांबायचं, आणि शेवटी जी बाई फोन उचलते ती आमच्याच चर्चमधली, मिसेस क्लार्क, ती आधी विचारते की कशासाठी. मी दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा कान दुखतो म्हणून सांगितलं. दोन्ही वेळा माझे कान तपासले गेले. कान उत्तम आहेत. मार्वाने शेवटी या गाडीचं पत्रक माझ्या डब्यावर ठेवलं, रविवारी चर्चमध्ये वाटत होते, आणि म्हणाली, तुमच्या कामाच्या जागी येतेय, आता तरी बहाणा सांगू नका. तिच्या चेहऱ्यावरून मला वाटलं की तिला काहीतरी कळलं आहे, आणि मी विचारत नाही तोवर तीही विचारणार नाही. आज झालं तर झालं. आज नाही झालं तर मी कुठल्या दवाखान्याची पायरी चढणार नाही, माझी मलाच खात्री होती.

"पाणी प्या काका, बसा, येईल," अबेना म्हणाली आणि कागदी पेले भरून देत राहिली. मी पीत राहिलो. रुडॉल्फच्या शेजारी, बाकावर. पलीकडे एक तरुण पोलिश ड्रायव्हर आत गेला, दोन मिनिटांत भरलेली बाटली घेऊन बाहेर आला, ती अबेनाच्या हातात अशी दिली जणू शर्यत जिंकलाय. रुडॉल्फने टाळी वाजवली. मग तो आपल्या डोमिनोजच्या गोष्टी सांगू लागला, कुणालाही, ऐको न ऐको. सेमूर होता तेव्हा डावाला मजा होती. शेवटी शेवटी मात्र तो दर दोन डावांनी उठायचा, बाहेर फिरून यायचा, आम्ही म्हणायचो हरायला लागला की हा पळतो. रुडॉल्फ हसत होता. मी पाणी गिळत होतो. पेल्याच्या कडेला मेणाची चव होती आणि पोटात एक थंड गोळा बसला होता, पण खाली काही हालचाल नाही. तेवढ्यात कॅथलीनचा फोन आला. आमची कंट्रोलर. माझी बस उभी आहे, आणि मी कुठे आहे, आणि आज दोन माणसं रजेवर आहेत हे मला माहीत आहे का. मी कुठे आहे ते तिला खिडकीतून स्पष्ट दिसत होतं. मी आजवर बस उशिरा काढलेली नाही. ते मला सांगायचं नव्हतं, पण उठलो ते त्याचमुळे. अबेनाने बाटली माझ्या खिशात कोंबली. म्हणाली, फेरीत कुठे जमलं तर भरून आणा, फार वेळ झालेली चालणार नाही, आणि आम्ही जेवायच्या सुट्टीपर्यंतच आहोत, मग पुढच्या गावी जायचं. तुमची उत्तरं तोवर मी मशीनमधून पुसून टाकते, नाहीतर ते अर्धवट नोंद धरून बसतं.

बस बाहेर काढली आणि सिमेटरी जंक्शनला पोचेपर्यंत सगळं पाणी जागं झालं. एकदम. माझ्याशी वैर असल्यासारखं. सिग्नल लाल होता, मग हिरवा झाला, पण पुढे गाड्या हलेनात, कारण लंडन रोडवर गॅसवाल्यांनी खणून ठेवलं होतं. मी मांड्या आवळून बसलो. खिशातली बाटली प्रत्येक वळणावर बरगडीला टोचत होती. एक म्हातारी बाई बसमध्ये चढली, तिने पर्समधून पास शोधायला जो वेळ घेतला तो मला जन्मभर पुरेल. मग थँक यू म्हणाली, मग हवेविषयी बोलली. मी हसलो. अंगावर काटा आला होता आणि मी हवेविषयी बोलत होतो. मला सारखं आठवत होतं ते सेमूरचं डावावरून उठणं. त्याने कधी सांगितलं नाही की जातो कुठे. हॉलच्या मागे संडासाच्या दारावर हात टेकून उभा राहत असेल, आत सगळ्यांचं हसू ऐकत, थेंबाची वाट बघत, आणि परत येऊन सोंगटी आणखी जोरात आपटत असेल, कुणाला शंका येऊ नये म्हणून. आणि समोर मी बसलेलो असायचो. मीसुद्धा हसायचो. मला माहीत नव्हतं हे खरं, पण कधी कधी असं वाटतं की माहीत नसण्यासाठी आमच्या घरात फार मेहनत घेतली जायची.

टोकाला पोचलो तर ड्रायव्हरांच्या संडासाला कुलूप. कुणी पोरांनी दार मोडलं म्हणून गेल्या आठवड्यापासून बंद, दुरुस्ती होईल तेव्हा होईल, असा कागद चिकटवलेला. मी त्या कुलपाकडे बघत उभा राहिलो आणि मला खरोखर रडू यायच्या बेतात होतं. रडण्यासारखं काय होतं त्यात, एक कुलूप. पण वाटलं की सगळ्या जगाने मिळून ठरवलंय, हा माणूस गप्पच राहिला पाहिजे, ह्याचं काही बाहेर येता कामा नये. समोरच्या तुर्की न्हाव्याच्या दुकानात शिरलो. आत खुर्चीवर साबण फासलेला एक जण, न्हाव्याच्या हातात वस्तरा. मी म्हटलं, संडास. न्हाव्याने वस्तऱ्यानेच मागचं दार दाखवलं. आत पुन्हा तेच, भिंतीवर हात, बाटली, आणि थांबणं. पोट फुटायला आलेलं आणि नळ अडून बसलेला. बाहेर रेडिओवर तुर्की गाणं चाललेलं. मग आलं, थोडंसं, थांबलं, परत थोडं, थांबलं. बाटली भरायला इतका वेळ लागला की न्हाव्याने बाहेरून विचारलं, भाऊ, ठीक आहेस ना? मी म्हणालो, ठीक आहे. सवयीने. झाकण घट्ट लावलं. बाटली हाताला गरम लागत होती, आणि मला तिचा लाजेइतकाच अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू.

परतीच्या फेरीनंतर माझी अर्धी पाळी संपते आणि बस रिकामीच डेपोत न्यायची असते. पण खणलेल्या रस्त्याने पुन्हा अडवलं, आणि गावातला शेवटचा थांबा सोडला तेव्हाच मला कळलं होतं की उशीर झाला. रिकामी बस फार आवाज करते. सगळ्या खिडक्या, सगळ्या सीटा थरथरतात. डेपोच्या गल्लीत वळलो आणि समोर फाटकातून ती पांढरी गाडी तोंड बाहेर काढत होती. पुढच्या सीटवर अबेना, पट्टा लावलेली. चालवणारा एक लालबुंद म्हातारा इंग्रज, त्याने मला हात केला, आधी तू ये, असा. ही या देशाची पद्धत आहे, दोघेही एकमेकांना आधी तू म्हणत थांबतात. मला नुसतं आत वळायचं होतं. तो निघून गेला असता, आणि मी बस जागेवर लावली असती, बाटली कँटीनच्या संडासात ओतून टाकली असती, आणि घरी जाऊन मार्वाला सांगितलं असतं, झालं, सगळं ठीक आहे. तिने विश्वास ठेवला असता किंवा ठेवल्यासारखं केलं असतं. माझे हात वळले नाहीत. मी बस सरळ पुढे घेतली, फाटकाच्या तोंडाशी आडवी, या खांबापासून त्या खांबापर्यंत, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं.

मागे हॉर्न वाजू लागले. म्हातारा इंग्रज खाली उतरला आणि मला वेड लागलंय का असं अतिशय सभ्य शब्दांत विचारू लागला. कॅथलीन ऑफिसातून धावत आली. धुलाईवाले आले, कँटीनमधले घास चावत चावत बाहेर आले, आणि रुडॉल्फ हात पुसत पुसत. "गिटन्स, बस काढ, येड्या, काय झालंय तुला," तो म्हणाला. मी दार उघडलं आणि बाटली वर धरली, सगळ्यांना दिसेल अशी. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. कुणी हसलं नाही. अबेना पट्टा सोडून उतरली, बसमध्ये चढली, माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, नमुन्यांच्या पेट्या सील झाल्यात काका, पण माझ्या बॅगेत सामान आहे, बसा तिथे. तिथे म्हणजे दाराजवळची पहिली सीट, म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी राखून ठेवलेली, जिथून मी रोज तरण्या पोरांना उठवतो. मी बसलो. तिने बाटलीत पट्टी बुडवली, रंग बघितले, जंतू नाहीत म्हणाली. दंडाला रबर बांधलं. मग मांडीवर ते छोटं मशीन उघडलं.

"मघाचं पुसून टाकलंय मी," ती म्हणाली. "पुन्हा विचारावं लागेल सगळं."

दार उघडं होतं. पायरीवर रुडॉल्फ उभा होता, एक पाय आत, त्याच्यामागे कॅथलीन, तिच्यामागे डेपो. दार बंद करायचं बटण माझ्या सीटपासून हातभर लांब होतं. अबेनाने वय विचारलं, सायकलचं विचारलं, बायकोचं विचारलं, आणि मी सगळ्यांची उत्तरं दिली. रात्री उठण्याचं विचारलं. पाच-सहा वेळा, म्हणालो, येत नाही, थांबून राहतं. कॅथलीन खाली बघू लागली. अबेनाने सुई घातली. तेवढं दुखलं नाही. ती नळी लाल होत जाताना बघत होती, आणि न बघता पुढचा प्रश्न विचारला, घरात कुणाला होतं का.

"वडलांना," मी म्हणालो. "वडील त्यानेच गेले. आणि माझा भाऊ. सेमूर."

माझा आवाज मला अनोळखी वाटला, फार मोठा, रिकाम्या डबलडेकर बसमध्ये वरच्या मजल्यापर्यंत गेलेला. अबेनाची बोटं मशीनवर चालत होती. पायरीवर रुडॉल्फने दुसरा पाय आत घेतला.

"सेमूर? आपला सेमूर?"

"हो."

"तू हार्ट म्हणाला होतास. कोरली हार्ट म्हणाली होती."

"तसं सांगायचं ठरलं होतं."

त्याचा चेहरा मी इतकी वर्षं बघितलेला, पण त्यावर असं काही मी पाहिलं नव्हतं. राग होता तो, आणि तो माझ्यावर होता, आणि तो अगदी रास्त होता. मला वाटलं आता तो शिवी देईल, आणि ती मला हवी होती. पण त्याने आवाज चढवला नाही.

"ठरलं होतं," तो म्हणाला. "कोणी ठरवलं होतं?"

मी खरंच आठवू लागलो. आई की वडील, कोरली की सेमूर, की मी. कोण कुठे बसलं होतं, कोणी आधी बोललं, कोणी मान हलवली. बोलू नकोस म्हणणारा सेमूर आठवला, पण हार्ट सांगायचं ठरल्याचा एकही प्रसंग आठवेना. अबेना म्हणाली, हात सैल सोडा काका, अजून थोडं राहिलंय. मी मूठ सोडली.

"कोणीच नाही," मी म्हणालो. "कोणीच ठरवलं नव्हतं, रुडॉल्फ."